चौकट: क्रिप्टिक शब्दकोड्याची किल्ली

सूचना दुहेरी
साध्या कोड्यात सूचना म्हणजे फक्त अर्थ. क्रिप्टिकमध्ये एकाच ओळीत दोन वाटा: एक अर्थाची, दुसरी अक्षरांच्या खेळाची. दोन्ही एकाच उत्तराशी पोचतात. कंसात अक्षरसंख्या.

मराठीत करून पाहा
• चुरगळलेलं कमल कायद्यात सापडतं (3): कलम. ‘चुरगळलेलं’ ही अक्षरं हलवण्याची खूण.
• उलटी वाहणारी नदी बिचारी (2): दीन.
• सागरतीरी दडलेली मदनाची बायको (2): रती. ‘सागरतीरी’ पुन्हा वाचा.

घरांचा हिशेब
देवनागरीत जोडाक्षरालाही एकच घर. बेंगळुरूची ‘इलेक्ट्रॉनिक सिटी’ इंग्रजी जाळीत 14 घरं अडवते, म्हणजे 15 घरांच्या नेहमीच्या ओळीत जेमतेम मावते. मराठीत 7 घरांत काम भागतं; ‘क्ट्रॉ’ एवढा अवजड, तरी घर एकच!

नीना आणि थीम
जाळीत, बहुधा कडेच्या घरांत, गुपचूप पेरलेला शब्द किंवा संदेश म्हणजे ‘नीना’. सूचनांत त्याचा उल्लेख नसतो. नाव आलं अमेरिकी चित्रकार अल हिर्शफेल्ड यांच्या लेकीवरून. 1945 मध्ये ती जन्मली आणि ते रेखाचित्रांतल्या केसांत, कपड्यांच्या चुण्यांत तिचं नाव लपवू लागले.
थीम वेगळी: तिथे बरीच उत्तरं एकाच विषयातली, उदाहरणार्थ नद्या किंवा राग.

तारखा
• 21 डिसेंबर 1913: ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये आर्थर विन यांचं हिऱ्याच्या आकाराचं कोडं.
• 1930: लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये कोडं सुरू.
• 1971: ‘द हिंदू’मध्ये सुरुवात.
• 2013: इंडियन क्रॉसवर्ड लीग सुरू. तिच्या अंतिम फेऱ्या बेंगळुरूतही रंगल्या.