पेटीतल्या घोंगडीला भोकं पडली? भुंगेरा नव्हे, त्याची केसाळ अळी खातेय

थंडी सुरू झाली म्हणून परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. आजोबांची घोंगडी उलगडली तर घडीच्या आत बोट जाईल एवढी भोकं. आई म्हणाली, उंदरानं कुरतडली. पण उंदीर असता तर लेंड्या दिसल्या असत्या. इथं घडीत बारीक, तपकिरी, केसाळ सालपटं होती. हीच खरी खूण.

हे काम लोकर खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचं. भुंगेरा जेमतेम २ ते ४ मिलिमीटरचा, बऱ्याचदा खिडकीपाशी दिसतो. तो कापड खात नाही, फुलांतले पराग खातो. अंडी मात्र घरात घालतो. अळी महिनोन्महिने अंधारात बसून खाते आणि वाढताना कात टाकते. ती सालपटं म्हणजे ही कात. साठवलेल्या गव्हाला लागणारा खापरा भुंगेराही याच कुळातला, म्हणजे शेतकऱ्याला हे घराणं नवं नाही.

लोकर, रेशीम, पिसं, केस हे तिचं खाणं. म्हणून घोंगडी, शाल, पैठणी धोक्यात. सुती कपड्याला सहसा तोंड लावत नाही, पण घामाचे किंवा तेलाचे डाग असले तर तोही कुरतडते. वळचणीतलं चिमणीचं जुनं घरटं, माळ्यावर मेलेला उंदीर इथूनही ती घरात येते. ते आधी काढा.

घोंगडी कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा, काठीनं झोडपा. पैठणी उन्हात टाकू नका, रंग उडतो. घडी मोडून सावलीत वारा द्या. पेटीचे कोपरे ब्रशनं साफ करा. कपडे धुऊन, पूर्ण वाळवूनच ठेवा. कडुनिंबाच्या पाल्यावर फार विसंबू नका, आत शिरलेली अळी त्यानं मरत नाही. डांबरगोळ्याही पेटी घट्ट बंद असेल तरच कामाच्या, आणि त्या लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आता महत्त्वाचं. आमच्या गल्लीत एकानं सल्ला दिला, गव्हाच्या कोठीत टाकतो ती गोळी पेटीत टाक. चुकूनही असं करू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळीतून फॉस्फीन वायू सुटतो. पेटी झोपायच्या खोलीत असेल तर रात्रीत माणसं दगावू शकतात, आणि या विषावर उतारा नाही.