डोक्यात पाणी साचते तेव्हा

चार महिन्यांचे बाळ घेऊन आई आणि आजी दवाखान्यात आल्या. आजी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पोट्टं रात्रभर रडून रायलं जी, अन् दूधही टाकून रायलं." मी विचारले, "डोके कधीपासून असे मोठे दिसते?" आई गप्प राहिली. आजीच बोलल्या, "मोठ्या डोस्क्याचं पोट्टं भाग्यवान असते, घाबरू नको म्हनलं मी हिले."

शिंप्याकडे असते तसली साधी टेप घेतली आणि भुवयांच्या वरून, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवली. घेर भरला ४७ सेंटीमीटर. या वयात तो साधारण ४१-४२ असायला हवा. टाळू फुगलेली आणि ताणलेली होती, कपाळावरच्या शिरा ठळक दिसत होत्या. डोळ्यांची बुबुळे खाली सरकून वरचा पांढरा भाग उघडा पडला होता, जणू सूर्य मावळतो आहे. बाळाला 'हायड्रोसेफॅलस' म्हणजे मेंदूत पाणी साचण्याचा आजार होता.

हे पाणी येते कुठून?

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत स्वच्छ पाण्यासारखा द्रव सतत तयार होतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो. पण एका वेळी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून जेमतेम दीडशे मिलिलिटर असतो. म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळे पाणी बदलते. जुने पाणी मेंदूच्या पृष्ठभागावर येऊन रक्तात शोषले जाते.

आपल्या सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात वरून पाणी येतच असते, म्हणून दरवाजे उघडावे लागतात. येणारे पाणी थांबले नाही आणि दरवाजे अडकले तर काय होईल, हे मोर्शीकरांना सांगायला नको. डोक्यातही तेच होते. वाट जन्मतःच अरुंद असेल, कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला असेल, मेंदुज्वराने वाटा चिकटल्या असतील किंवा गाठीने रस्ता अडला असेल, तर पाणी तुंबते.

आपल्याकडे क्षयाचा मेंदुज्वर हे एक मोठे कारण आहे. घरात कोणाला टीबी आहे, मुलाला दोन-तीन आठवडे बारीक ताप आहे, वजन घटते आहे, मूल मलूल आहे, डोके दुखते आणि उलट्या होतात, अशा वेळी नुसत्या तापाच्या गोळ्या देऊन वाट पाहू नये.

दाब कसा वाढतो?

मोठ्या माणसाची कवटी म्हणजे बंद डबा. त्यात मेंदू, रक्त आणि हे पाणी, एवढ्यांनाच जागा आहे. एक वाढले तर दुसऱ्याला जागा द्यावी लागते. थोडे दिवस शरीर सांभाळून घेते. मग मात्र थोडेसे पाणी वाढले तरी दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच कालपर्यंत 'बरा' असलेला रुग्ण एका रात्रीत बेशुद्ध होतो.

तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळलेले नसतात, टाळू उघडी असते. म्हणून आधी डोके वाढते. जन्मतः घेर साधारण ३४-३५ सेंटीमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला २, पुढचे तीन महिने १ आणि त्यानंतर वर्षापर्यंत अर्धा सेंटीमीटर वाढतो. याहून भराभर वाढला तर डॉक्टरांना दाखवा. अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या दिवशी टेप लावून आकडा कार्डावर लिहून घ्या. टाळूवर तेल घातल्याने हा आजार होत नाही आणि बराही होत नाही. डोके दाबून किंवा फडक्याने आवळून लहान करण्याचा प्रयत्न मात्र कधीही करू नका.

मोठ्या मुलांत व माणसांत सकाळी उठल्यावर डोके दुखणे, उलटी होणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे, सुस्ती येणे ही लक्षणे दिसतात. नाडी मंद होणे आणि श्वास अनियमित होणे ही फार उशिराची लक्षणे आहेत. म्हाताऱ्या माणसांत एक वेगळा प्रकार असतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरभोळेपणा ही तिन्ही एकत्र दिसली तर 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. यातले काही रुग्ण शस्त्रक्रियेने पुन्हा चालू लागतात.

उपचार काय?

बाळाच्या टाळूतून सोनोग्राफी करता येते. मोठ्यांना सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. दाब फार वाढला असेल तर मॅनिटॉलची बाटली देतात. ते मेंदूतले पाणी रक्तात ओढून घेते. पण हा काही तासांचा उसनवार आहे. तुंबलेली वाट त्याने मोकळी होत नाही. क्षयाच्या मेंदुज्वरात काही रुग्णांना औषधांनी पाणी आटोक्यात ठेवता येते. बहुतेकांना शस्त्रक्रियाच लागते.

शस्त्रक्रिया दोन प्रकारची. एकीत दुर्बिणीने मेंदूतल्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला नवी वाट देतात. दुसरीत 'शंट' बसवतात, म्हणजे मेंदूतून कातडीखालून पोटात जाणारी बारीक नळी. तिला एक झडप असते. दाब वाढला की ती उघडते आणि पाणी पोटात जाऊन शोषले जाते.

या झडपेमागे एका बापाची धडपड आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे जॉन होल्टर कारखान्यात तंत्रज्ञ होते. १९५५ साली त्यांना झालेल्या मुलाला हा आजार होता. त्यांनी डॉक्टर स्पिट्झ यांच्या मदतीने झडप तयार केली आणि १९५६ पासून ती रुग्णांत वापरली जाऊ लागली. त्यांचा स्वतःचा मुलगा फार जगला नाही. पण जगभरातील असंख्य मुले वाचली. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील शाहजहानपूरला 'छाब्रा' शंट तयार होतो. युगांडात १९५ मुलांवर केलेल्या अभ्यासात सुमारे ३५ डॉलरचा हा शंट आणि ६५० डॉलरचा परदेशी शंट यांच्या निकालात वर्षअखेर फरक आढळला नाही. हा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा स्वस्त नळी बसवली म्हणून आईबापांनी मन खट्टू करू नये.

माझ्या हातून झालेली चूक

शंट बसला म्हणजे आजार संपला असे नाही. पहिल्याच वर्षात दहापैकी तीन-चार मुलांचा शंट अडतो किंवा बिघडतो. हे मी पुस्तकात वाचले होते, तरी चुकलो.

पावसाळ्याचे दिवस होते, गावात हगवण-उलटीची साथ होती. सात वर्षांची मुलगी उलट्या होतात म्हणून आली. तिला शंट आहे हे मला ठाऊक होते. "डोकं दुखते म्हनते जी," असे आईने सांगितलेही. पण दवाखान्यात गर्दी होती. मी उलटीचे इंजेक्शन दिले, मीठ-साखरेचे पाणी पाजायला सांगितले आणि घरी पाठवले. जुलाब एकही नव्हता, हे मी विचारलेच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलगी हाकेला ओ देईना. तिला नागपूरला नेले, शंट बदलला, मुलगी वाचली. पण तिची नजर पूर्वीसारखी राहिली नाही. त्या दिवसापासून शंट असलेल्या मुलाची उलटी ही पोटाची नाही, डोक्याची आहे असे धरूनच मी चालतो. तुम्हीही तसेच धरा, आणि डॉक्टर घाईत असेल तर त्याला ठणकावून सांगा.

घरी काय करावे, काय करू नये

१. शंट असलेल्या मुलाला डोकेदुखी, उलटी, सुस्ती, ताप, नळीच्या मार्गावर लाली किंवा सूज दिसली तर त्याच दिवशी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या. १०८ वर फोन करा.

२. नेताना डोक्याची बाजू थोडी उंच ठेवा, मान सरळ ठेवा. जाड उशी घालून मान वाकवू नका. मूल गुंगीत असेल तर कुशीवर वळवा आणि तोंडावाटे काही देऊ नका.

३. "एक सलाईन लावून द्या" असा हट्ट धरू नका. नुसत्या ग्लुकोजच्या सलाईनने मेंदूची सूज वाढू शकते. झोपेचे औषधही देऊ नका.

४. स्कॅनच्या फिल्म आणि डिस्चार्जचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. जुनी फिल्म असली की नव्या फिल्मशी ताडून पाहता येते.

५. मूल बरे असेल तर शाळेत पाठवा, खेळू द्या, लसी चुकवू नका, बद्धकोष्ठ होऊ देऊ नका.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत या शस्त्रक्रियेची सोय आहे का, कोणत्या रुग्णालयात आहे, हे आरोग्यमित्राला विचारा.

टाळता येते का?

काही प्रमाणात येते. पाठीच्या कण्यावर उघडी गाठ असलेल्या बाळांना हा आजार बरेचदा होतो. गर्भधारणेआधीपासून फॉलिक ॲसिड घेतल्यास ती गाठ बऱ्याच अंशी टळते. या जीवनसत्त्वाचा माग १९२८ नंतर आपल्या मुंबईतच लागला. ल्युसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर तेथे गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करत होत्या. बाळाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच जुळतो. पाळी चुकल्याचे कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून लग्न झालेल्या मुलींनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करावी. आधीचे मूल असे झाले असेल तर जास्त मात्रा लागते.

पहिल्या बाळाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी नागपूरला शंट बसला. आता ते पोट्टे सायकल चालवते. आजी अजूनही म्हणतात, मोठ्या डोक्याचा होता म्हणून भाग्यवान निघाला. मी वाद घालत नाही. एवढेच म्हणतो, की आजी, त्याचे भाग्य त्या दीड मीटरच्या टेपमध्ये होते.