केंटच्या घराण्यांचा इतिहासकार : एडवर्ड हेस्टेड

इंग्लंडमधील स्थानिक इतिहासाचे लेखन ज्या घटकाभोवती वाढले तो घटक म्हणजे काउंटी, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्ह्यासारखा, परंतु नॉर्मन राजवटीच्याही आधीपासून न्याय, महसूल आणि सैन्यभरती यांसाठी रूढ झालेला प्रादेशिक विभाग. अशा एकेका काउंटीतील जमीनदार घराण्यांच्या वंशावळी, त्यांच्या जमिनींचा हस्तांतरणक्रम आणि त्यांची चर्चमधील स्मारके यांची पद्धतशीर नोंद करणारा ग्रंथप्रकार सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयास आला. विल्यम लॅम्बार्ड याचा १५७६ साली छापलेला केंटविषयक ग्रंथ त्यातील पहिला मानला जातो, आणि विल्यम डगडेल याने १६५६ मध्ये वॉरिकशायरचा इतिहास प्रसिद्ध करून विधानांना मूळ कागदपत्रांचा आधार देण्याची शिस्त या लेखनाला लावली. अठराव्या शतकात त्याच केंटसाठी एडवर्ड हेस्टेड याने सुमारे चाळीस वर्षे वेचली. या ग्रंथप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याच्या उणिवा अशा दोन्ही गोष्टी त्याच्या कामात जितक्या स्पष्टपणे दिसतात तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतील.

या विद्येचे मर्म असे की घराण्याचा शोध मुख्यतः जमिनीच्या शोधातून लागतो. सामान्य माणसाचा जन्म वा मृत्यू नोंदवून ठेवण्याचे मध्ययुगीन राज्यसंस्थेला काही कारण नव्हते, परंतु जमीन कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यावरील देणे कोणी द्यावयाचे आणि धारक मरण पावल्यावर ती कोणाकडे जाते, हे जाणून घेणे राजाच्या तिजोरीच्या हिताचे होते. महाराष्ट्रातही वतनाच्या तंट्यांत पुढे आलेल्या कैफियती आणि महजर यांमुळेच अनेक घराण्यांच्या पिढ्या आज सांगता येतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन धारण करणारा कोणी मरण पावला की एस्चीटर नावाचा अधिकारी स्थानिक पंच बोलावून त्यांच्याकडून शपथेवर तीन गोष्टी वदवून घेत असे : मृताकडे कोणती जमीन होती, तिच्या बदल्यात कोणती सेवा देणे होते, आणि त्याचा वारस कोण व किती वर्षांचा आहे. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या या मृत्यूत्तर चौकशांमुळे बाप, मुलगा आणि मुलाचे वय या तिन्हींची माहिती एकाच कागदावर मिळते. वंशावळकाराला याहून मोलाचा पुरावा क्वचितच लाभतो. जमिनीच्या खरेदीविक्रीचा करार न्यायालयातील दाव्याच्या स्वरूपात नोंदवण्याची एक रीतही होती. त्यात एकाच चर्मपत्रावर मजकुराच्या तीन प्रती लिहून त्या नागमोडी रेषेने कापल्या जात, दोन प्रती दोन्ही पक्षांकडे जात आणि तळाची प्रत न्यायालयाच्या दप्तरी राही. ११९५ पासून १८३३ पर्यंतच्या अशा तळाच्या प्रतींची साखळी आजही उपलब्ध आहे.

जमिनीबाहेरचा पुरावा त्यामानाने उशिरा सुरू होतो. आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्या १५३८ च्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतील वस्तीत, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणे सक्तीचे झाले. परंतु त्या काळातील कितीतरी वह्या नष्ट झाल्या आहेत, आणि सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात नोंदींत मोठे खंड पडले. मृत्युपत्रे १८५८ पर्यंत धर्मन्यायालयांत सिद्ध होत असत, आणि मुली, जावई, धाकटे भाऊ आणि नोकरचाकर यांची नावे त्यांत सापडतात. याशिवाय १५३० ते १६८८ या काळात राजाचे हेराल्ड, म्हणजे घराण्यांच्या ढालीवरील चिन्हांचा अधिकार तपासणारे अधिकारी, काउंटीकाउंटीतून फिरून प्रतिष्ठित कुटुंबांच्या वंशावळी नोंदवून घेत. केंटमधील १६१९ ची पाहणी जॉन फिलिपॉट या हेराल्डने केली होती. मात्र या नोंदी घराण्यांनी स्वतः सांगितलेल्या माहितीवर बऱ्याच अंशी उभ्या असल्यामुळे आजोबा-पणजोबांच्या पलीकडे त्यांच्यावर विसंबणे धोक्याचे असते.

तो धोका किती खरा होता याचे उदाहरण केंटमध्येच आहे. सरेंडनचा सर एडवर्ड डेरिंग हा सतराव्या शतकातील व्यासंगी संग्राहक होता, डगडेलसारख्या विद्वानांचा सहकारी होता, आणि तरीही आपल्या घराण्याला अधिक प्राचीन ठरवण्यासाठी त्याने पुराव्यांत फेरफार केले. तेराव्या शतकातील एका चर्मपत्राच्या गुंडाळीवर सरदारांच्या ३२४ ढाली रंगवलेल्या आहेत. तिच्यातील एक ढाल खोडून त्याने तेथे आपल्या एका काल्पनिक पूर्वजाचे नाव आणि चिन्ह घातले. ही गुंडाळी त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि २००८ पासून ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. ज्याच्या हाती अस्सल कागद असतात तोच ते सर्वांत कुशलतेने बिघडवू शकतो, म्हणून वंशावळीच्या अभ्यासात संग्राहकाच्या हेतूची चौकशी कागदाच्या चौकशीइतकीच आवश्यक ठरते.

केंटची आणखी एक विशेषता या अभ्यासाला वेगळे वळण देते. इंग्लंडच्या बहुतेक भागांत जमीन थोरल्या मुलाकडे जात असे, पण केंटमध्ये गॅव्हलकाइंड नावाची वारसापद्धती प्रचलित होती, जिच्यानुसार सर्व मुलग्यांना समान वाटा मिळे, मुलगे नसल्यास मुलींमध्ये वाटणी होई आणि विधवेला अर्धी जमीन तिच्या वैधव्यकाळापुरती मिळे. ही पद्धती कायद्याने पूर्णपणे संपली ती १९२५ मध्ये. थोरल्याचीच वंशरेषा ठळक ठेवणाऱ्या इतर काउंट्यांत धाकटे भाऊ कागदावरून लवकर नाहीसे होतात. केंटमध्ये प्रत्येक भाऊ जमिनीचा धनी असल्यामुळे विक्रीच्या दस्तऐवजांत सर्वांची नावे येतात, आणि वाटण्यांमुळे एका जमिनीचे चार तुकडे चार नावांनी शोधावे लागतात. मोठ्या घराण्यांनी १५३९ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी आपल्या जमिनी या रूढीतून सोडवून घेतल्या, आणि त्यासाठी त्यांची नावे कायद्यातच नोंदली गेल्यामुळे तेही एक साधन होऊन बसले. अशा प्रदेशात वंशावळी जुळवण्याचे काम अधिक श्रमाचे आणि अधिक फलदायी होते.

हेस्टेडचा जन्म १७३२ साली लंडनमध्ये झाला. आजोबांनी चॅटमच्या आरमारी गोदीत मुख्य रंगारी म्हणून काम करून संपत्ती जोडली होती, वडील वकील होते, आणि वारशाने आलेल्या केंटमधील जमिनींच्या उत्पन्नावर एडवर्डला निवांतपणे अभ्यास करता आला. तो काउंटीत न्यायदंडाधिकारी होता आणि १७६६ मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्या काळी सरकारी दप्तरे एकत्र नव्हती : काही कागद टॉवर ऑफ लंडनमध्ये, काही वेस्टमिन्स्टरमध्ये, काही कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये आणि कितीतरी जमीनदारांच्या खासगी पेट्यांत. न्यायालयीन कागद १७३३ पर्यंत लॅटिनमध्ये आणि विशिष्ट वळणाच्या संक्षिप्त लिपीत लिहिले जात, त्यामुळे ते वाचणे हीच स्वतंत्र विद्या होती. तारखांचाही घोळ असे, कारण १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे; एखादा विवाह एप्रिल १६४८ मध्ये आणि पहिल्या मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६४८ मध्ये नोंदलेला दिसला, तर मूल लग्नाआधीचे वाटते, प्रत्यक्षात ते दहा महिन्यांनंतरचे असते. टॉवरमधील दप्तराचा प्रमुख थॉमस अ‍ॅस्टल याच्याशी हेस्टेडचा दीर्घ पत्रव्यवहार होता आणि हेस्टेडच्या संग्रहाला अशा स्नेह्यांचा मोठा आधार मिळाला.

हेस्टेडचा ग्रंथ चार भव्य खंडांत १७७८, १७८२, १७९० आणि १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. काउंटीच्या पाच लेथ, म्हणजे सर्वांत मोठे प्राचीन उपविभाग, त्यांच्यातील हंड्रेड नावाचे लहान विभाग आणि त्यांतील पॅरिश असा त्याचा क्रम आहे. प्रत्येक पॅरिशची जमीन व वस्ती सांगून तो तेथील मॅनरकडे वळतो. मॅनर म्हणजे स्वतःचे न्यायालय आणि कुळे असलेली जमीनदारी. १०८६ च्या डूम्सडे या राज्यव्यापी जमीन-पाहणीपासून स्वतःच्या काळापर्यंत ती कोणत्या घराण्यातून कोणत्या घराण्यात गेली, कोणत्या मुलीच्या लग्नाने नाव बदलले, कोणाच्या कर्जापायी विक्री झाली, हे सांगून तो चर्चचे आश्रयदाते, धर्मगुरूंची यादी आणि थडग्यांवरील मजकूर यांकडे येतो. त्याच्या हयातीत शिलालेखांवर असलेली, आणि आज झिजून वा चर्चच्या दुरुस्तीत नाहीशी झालेली, कितीतरी नावे केवळ त्याच्या पानांत उरली आहेत.

या कामाची किंमत त्याने स्वतःच्या संपत्तीने चुकवली, जरी त्याच्या आर्थिक नाशाला इतरही कारणे होती. कर्जाच्या ओझ्याने तो फ्रान्समध्ये निघून गेला, परतल्यावर १७९५ ते १८०२ या काळात कर्जापायी लंडनच्या किंग्ज बेंच तुरुंगात होता, आणि ग्रंथाचा चौथा खंड त्याच कैदेच्या काळात बाहेर पडला. लहान आकाराच्या बारा खंडांची दुसरी आवृत्तीही १७९७ ते १८०१ या दरम्यान कँटरबरीहून प्रसिद्ध झाली. १८०७ मध्ये लॉर्ड रॅडनर यांनी त्याला विल्टशायरमधील कॉर्शॅम येथील गरिबांच्या वृद्धाश्रमाचा प्रमुख नेमले, आणि तेथेच १८१२ मध्ये त्याचा मृत्यू झाला.

हेस्टेडची मर्यादा त्याच्या साधनांतच आहे. जमीन नसलेला माणूस त्याच्या ग्रंथात जवळजवळ येत नाही, शेतमजूर, कोळी आणि विणकर यांची कुटुंबे त्याने शोधली नाहीत, आणि हेराल्डांच्या वंशावळींवर त्याने काही ठिकाणी गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवला. पण सुमारे चारशे पॅरिश एका चौकटीत आणून प्रत्येक जमिनीचा क्रम लावण्याचे काम एकट्या माणसाने केलेले असल्यामुळे, त्याच्या चुका दुरुस्त करणाऱ्या अभ्यासकांनाही सुरुवात त्याच्यापासूनच करावी लागते. दुसऱ्या आवृत्तीचे बाराही खंड १९७२ मध्ये पुन्हा छापले गेले, आणि केंटमधील एखाद्या घराण्याचा वा गावाचा शोध घेणारा अभ्यासक आजही प्रथम हेच खंड उघडतो आणि मग मूळ कागदांकडे जातो.