खाचराखालचा थर

सप्टेंबर २००८मध्ये रायगडातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत ‘महामुंबई सेझ’ या विशेष आर्थिक क्षेत्रावर शेतकऱ्यांचं जनमत घेतलं गेलं. कौल विरोधात गेला.

अशा प्रकल्पासाठी शेतजमीन औद्योगिक पट्ट्यात टाकायला नकाशावर रंग बदलला की झालं. भाताचं खाचर असं चटकन घडत नाही. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने ढेकळं विरघळतात, बारीक कण खाली बसतात आणि साधारण वीतभर खोलीवर घट्ट थर जमतो. पाणी मुरून जात नाही, म्हणून भात तगतो. त्यावर मुरमाचा भराव पडला, की खाचर संपलं. वर तुंबलेलं पाणी शेजाऱ्याच्या शेतात घुसतं ते वेगळंच! पुढे कारखाना बंद पडला, तरी भराव कोण उपसणार?

माझ्या मते कारखान्यांसाठी आधी खडकाळ माळरान बघावं. तिथवर रस्ता-पाणी न्यायला खर्च जास्त येतो, हे खरं.