आयपीएल खेळाडू लिलावातील आरंभीच्या निवडींचे मूल्यमापन

आरंभीच्या निवडींचे मूल्यमापन म्हणजे एखाद्या लीगमध्ये संघबांधणीच्या सुरुवातीला, हाती सर्वाधिक पैसा किंवा सर्वाधिक पर्याय असताना निवडलेल्या खेळाडूंनी त्या निवडीची किंमत भरून काढली की नाही, याचा हिशेब होय. ही पद्धत मूळची अमेरिकी फुटबॉलमधील खेळाडू ड्राफ्ट आणि त्यावर आधारलेल्या फँटसी लीगमधील आहे. भारतात तिचे सर्वांत जवळचे रूप इंडियन प्रीमियर लीगच्या (आयपीएल) खेळाडू लिलावात दिसते. या लेखातील उदाहरणे प्रामुख्याने २४ व २५ नोव्हेंबर २०२४ रोजी सौदी अरेबियातील जेद्दा येथे झालेल्या महालिलावातील आणि त्यानंतरच्या इ.स. २०२५ च्या हंगामातील आहेत.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दोन क्रिकेटपटूंचा या लिलावाशी दोन वेगळ्या बाजूंनी संबंध आला. श्रीरामपूर येथे जन्मलेला माजी वेगवान गोलंदाज झहीर खान हा लखनऊ सुपर जायंट्सचा मार्गदर्शक होता, आणि या संघाने आयपीएलच्या इतिहासातील तोपर्यंतची सर्वांत मोठी बोली लावली. संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेला फलंदाज अजिंक्य रहाणे याला मात्र पहिल्या फेरीत कोणीही घेतले नाही.

ड्राफ्ट आणि लिलाव

ड्राफ्टमध्ये संघ आळीपाळीने खेळाडू निवडतात. दहा जणांच्या फँटसी लीगमध्ये बहुधा सर्पाकार क्रम असतो: पहिल्या फेरीत ज्याची पाळी पहिली, त्याची दुसऱ्या फेरीत शेवटची. त्यामुळे पहिला खेळाडू निवडल्यानंतर त्याच स्पर्धकाला पुढची संधी थेट विसाव्या क्रमांकावर मिळते. येथे निवडीची किंमत पैशांत नसते. त्या पाळीत जे इतर खेळाडू हातचे गेले, तीच तिची किंमत.

लिलावात हीच किंमत रुपयांत मोजता येते. जेद्दा येथे प्रत्येक संघाला एकूण १२० कोटी रुपयांची मर्यादा होती आणि आधीच कायम ठेवलेल्या खेळाडूंची रक्कम त्यातून वजा झाली होती. पंजाब किंग्जकडे ११०.५ कोटी शिल्लक होते, लखनऊकडे ६९ कोटी, तर कोलकाता नाइट रायडर्सकडे ५१ कोटी. एकाच आकड्याची बोली प्रत्येक संघाला सारखी महाग नसते, हे यावरून लक्षात येते. पंजाबने श्रेयस अय्यरसाठी मोजलेले २६.७५ कोटी हे त्यांच्या शिल्लक रकमेच्या सुमारे २४ टक्के होते. कोलकात्याने वेंकटेश अय्यरसाठी त्याहून तीन कोटी कमी, म्हणजे २३.७५ कोटी दिले, परंतु ती त्यांच्या शिल्लक रकमेच्या जवळजवळ ४७ टक्के रक्कम होती. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत पहिला आकडा मोठा दिसला. संघबांधणीच्या दृष्टीने दुसरा अधिक जड होता.

पहिले दोन गट

महालिलावाचा आरंभ सहा-सहा नामांकित खेळाडूंच्या दोन ‘मार्की’ गटांनी झाला. अर्शदीप सिंग (१८ कोटी), कगिसो रबाडा (१०.७५), श्रेयस अय्यर (२६.७५), जॉस बटलर (१५.७५), मिचेल स्टार्क (११.७५) आणि ऋषभ पंत (२७) हा पहिला गट होता. दुसऱ्या गटात मोहम्मद शमी (१०), डेव्हिड मिलर (७.५), युझवेंद्र चहल (१८), मोहम्मद सिराज (१२.२५), लियम लिव्हिंगस्टन (८.७५) आणि के. एल. राहुल (१४) होते. या बारा जणांवर मिळून १८०.५ कोटी रुपये खर्च झाले. संपूर्ण लिलावात १८२ खेळाडूंवर ६३९.१५ कोटी खर्च झाले; म्हणजे सुमारे साडेसहा टक्के खेळाडूंनी २८ टक्के रक्कम नेली.

हंगाम संपल्यावर या बारा निवडींचा ताळेबंद संमिश्र निघाला. श्रेयसने ६०४ धावा करून पंजाबला अंतिम सामन्यात नेले. राहुलच्या ५३९ आणि बटलरच्या ५३८ धावा झाल्या, अर्शदीपने २१ बळी घेतले, चहल व सिराज यांनी प्रत्येकी १६. दुसऱ्या टोकाला रबाडा केवळ ४ सामने खेळला व त्याला २ बळी मिळाले. शमीला ९ सामन्यांत ६. लिव्हिंगस्टनच्या ११२ धावा झाल्या आणि मिलरच्या १५३. सर्वांत महाग ठरलेल्या पंतने २६९ धावा केल्या, त्यांपैकी ११८ (नाबाद) एकट्या शेवटच्या साखळी सामन्यात. ढोबळमानाने निम्म्या निवडी फळल्या, असे म्हणता येईल. सुरुवातीची निवड म्हणजे हमखास कामगिरी, ही समजूत या यादीपुढे टिकत नाही.

दर धावेची किंमत

मूल्यमापनाची सर्वांत सोपी आणि प्रसारमाध्यमांत सर्वाधिक वापरली जाणारी रीत म्हणजे खेळाडूच्या किमतीला धावांनी किंवा बळींनी भागणे. तिच्यानुसार श्रेयसची एक धाव सुमारे ४ लाख ४३ हजार रुपयांना पडली, पंतची १० लाखांना आणि १४२ धावा करणाऱ्या वेंकटेशची पावणेसतरा लाखांना. दीड कोटीत मिळालेल्या रहाणेने ३९० धावा केल्या. त्याची एक धाव ३८ हजारांच्या आसपास पडली.

हा आकडा लक्षवेधी असला तरी त्यावर फार विसंबू नये. मैदानात अकराच खेळाडू उतरतात आणि डावात १२० चेंडूच असतात. स्वस्त धावा हव्या म्हणून दीड कोटीचे अठरा फलंदाज घेतले, तरी त्यांतील बहुतेक राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून राहतील. संघाची खरी टंचाई रुपयांइतकीच जागांची असते. एकाच जागेवरून ६०४ धावा मिळणे आणि दोन जागांवरून मिळून तेवढ्याच धावा मिळणे यांची किंमत एक नव्हे, म्हणून श्रेष्ठ खेळाडूसाठी प्रमाणाबाहेर वाटणारी किंमत देणे काही मर्यादेपर्यंत योग्य ठरते.

पर्यायी खेळाडूची पातळी

ही अडचण दूर करण्यासाठी खेळाडूची तुलना शून्याशी न करता पर्यायी खेळाडूशी केली जाते. पर्यायी खेळाडू म्हणजे लिलावाच्या शेवटी मूळ किमतीत किंवा लिलावानंतरही सहज मिळू शकणारा खेळाडू. उदाहरणादाखल, असा फलंदाज हंगामात २५० धावा करील असे गृहीत धरू. मग श्रेयसची भर ३५४ धावांची, रहाणेची १४० धावांची, पंतची अवघी १९ धावांची आणि वेंकटेशची उणे १०८ धावांची ठरते. गृहीत आकडा बदलला तर ही भरही बदलते, खेळाडूंचा क्रम मात्र तोच राहतो. महाग निवड वाया जाणे म्हणजे धावा न होणे एवढेच नाही. त्या जागेवर कोणताही साधा खेळाडू उभा करता आला असता, अशी स्थिती येणे हा त्याचा नेमका अर्थ आहे.

ही पातळी अनेकदा समजुतीपेक्षा बरीच वर असते. पालघर जिल्ह्यातील शार्दुल ठाकूर याला जेद्दा येथे कोणीही घेतले नव्हते. हंगामाच्या तोंडावर मोहसीन खान जखमी झाल्याने लखनऊने त्याला २ कोटींत बदली खेळाडू म्हणून घेतले, आणि त्याने १० सामन्यांत १३ बळी घेतले. मार्की गटातील रबाडा आणि शमी यांचे बळी एकत्र केले तरी ते ८ होतात.

भूमिकेतील दुर्मीळता

लखनऊच्या संघातच एक विसंगती दिसते, आणि तिचा उलगडा केल्याशिवाय पंतच्या किमतीचा न्याय्य विचार होत नाही. याच लिलावात त्यांनी मिचेल मार्शला ३.४ कोटींत आणि एडन मार्करमला २ कोटींत घेतले. मार्शने ६२७ धावा केल्या, मार्करमने ४४५. पाच कोटी चाळीस लाखांत १,०७२ धावा मिळत असतील तर एका फलंदाजाला २७ कोटी का द्यावेत?

याचे उत्तर नियमांत आहे. आयपीएलमध्ये अंतिम अकरात जास्तीत जास्त चार परदेशी खेळाडू खेळवता येतात. जगभरातील उत्तम परदेशी फलंदाज या मोजक्या जागांसाठी स्पर्धा करतात, त्यामुळे मागणीपेक्षा पुरवठा जास्त राहतो व किमती खाली येतात. उरलेल्या जागा भारतीयांनीच भराव्या लागतात. त्यातही यष्टिरक्षण करणारा, मधल्या फळीत खेळणारा आणि नेतृत्वाचा अनुभव असलेला भारतीय खेळाडू विरळा. जेद्दातील तीन सर्वांत महाग खेळाडू भारतीय असणे हा योगायोग नव्हता. पंतसाठी दिल्ली कॅपिटल्सने २०.७५ कोटींच्या बोलीवर ‘राइट टू मॅच’चा, म्हणजे त्याच किमतीत आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क वापरला, तेव्हा लखनऊने एकदम २७ कोटींचा आकडा सांगितला आणि दिल्लीने माघार घेतली. वरचे सव्वासहा कोटी एका हक्कावर मात करण्यासाठी मोजले गेले. ते जास्त होते, असे म्हणण्यास जागा आहे, २०.७५ कोटींपर्यंत मात्र दुसराही एक संघ तितकेच मोजायला तयार होता.

फँटसी ड्राफ्टमध्येही हाच न्याय लागू होतो. अमेरिकी फुटबॉलच्या फँटसी लीगमध्ये क्वार्टरबॅक सर्वाधिक गुण मिळवतो, तरीही ज्या लीगमध्ये प्रत्येकाला एकच क्वार्टरबॅक उतरवायचा असतो तेथे अनुभवी स्पर्धक पहिल्या फेरीत बहुधा त्याला घेत नाहीत. कारण दहाव्या क्रमांकाचा क्वार्टरबॅकही चांगले गुण देतो. चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकच्या बाबतीत पहिल्या काही खेळाडूंनंतर घसरण तीव्र असते. जेथे उतार तीव्र, तेथे आधी हात घालावा, असा हा हिशेब आहे.

निर्णय आणि निकाल

हंगाम संपल्यावर निवडीला नावे ठेवणे सोपे असते. मूल्यमापन करताना लिलावाच्या दिवशी काय ज्ञात होते हे वेगळे मांडावे लागते. पंतने गंभीर मोटार अपघातातून सावरून इ.स. २०२४ च्या हंगामात ४४६ धावा केल्या होत्या, त्याही १५५ च्या स्ट्राइक रेटने. वेंकटेशच्या त्या हंगामातील ३७० धावांत अंतिम सामन्यातील २६ चेंडूंतील नाबाद ५२ धावांचा समावेश होता. श्रेयसच्या धावा या दोघांपेक्षा कमी, ३५१ होत्या. त्याच्या खात्यात कर्णधार म्हणून जिंकलेले विजेतेपद होते. केवळ धावांवरून पाहता तिघांत श्रेयसची किंमत सर्वांत कमी समर्थनीय ठरली असती, आणि तीच सर्वांत चांगली वसूल झाली.

वेंकटेशच्या बाबतीत आक्षेप घ्यायचाच तर तो त्याच्या १४२ धावांवर नव्हे, त्या दिवशीच्या प्रमाणावर घ्यावा लागेल. श्रेयस हातचा गेल्यानंतर कोलकात्याने उरलेल्या पैशांपैकी जवळपास निम्मे एका फलंदाजावर लावले. ती निवड फसली असता सावरायला पैसे उरणार नव्हते, हे बोली लावतानाच दिसत होते.

रहाणेची निवड

रहाणेची निवड हे या विषयातील दुसऱ्या टोकाचे उदाहरण आहे. डिसेंबर २०२२ मधील कोची येथील लिलावात चेन्नई सुपर किंग्जने त्याला ५० लाखांच्या मूळ किमतीत घेतले होते. इ.स. २०२३ च्या हंगामात त्याने १७२ च्या स्ट्राइक रेटने ३२६ धावा केल्या आणि चेन्नईने विजेतेपद मिळवले. पुढच्या हंगामात मात्र तो २४२ धावांवर आला व स्ट्राइक रेट १२३ पर्यंत घसरला. वय ३६, शेवटचा हंगाम संथ. जेद्दात त्याचे नाव प्रथम पुकारले गेले तेव्हा कोणी बोली लावली नाही, यात आश्चर्य नव्हते. दुसऱ्या दिवशी, न विकल्या गेलेल्या खेळाडूंच्या जलद फेरीत कोलकात्याने त्याला १.५ कोटींच्या मूळ किमतीत घेतले.

लिलावानंतर काही आठवड्यांतच मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकला आणि ४६९ धावा करणारा रहाणे त्या स्पर्धेतील सर्वाधिक धावांचा मानकरी ठरला. मार्च २०२५ मध्ये कोलकात्याने त्याची कर्णधारपदी नेमणूक केली. आयपीएल हंगामात ३९० धावांसह तो संघाचा सर्वाधिक धावा करणारा फलंदाज राहिला. संघ आठव्या स्थानावर राहिला, हेही नोंदवले पाहिजे. एका स्वस्त निवडीने मोठ्या निवडीतील तूट भरून निघाली नाही.

कोलकात्याला हे सारे आधी दिसले होते, असे मानण्याचे कारण नाही. उशिराच्या निवडीचे बळ दूरदृष्टीपेक्षा तिच्या रचनेत असते: दीड कोटींत तोटा दीड कोटींपुरताच मर्यादित, लाभाला मात्र तशी सीमा नाही. सुरुवातीच्या निवडीत हे उलटे होते, म्हणून तेथे सर्वाधिक संभाव्य कामगिरीइतकेच खेळाडूची तंदुरुस्ती आणि कामगिरीतील सातत्य यांना वजन द्यावे लागते.

फँटसी क्रिकेटमधील फरक

भारतात रूढ झालेल्या फँटसी क्रिकेटमध्ये आरंभीची निवड हा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही. इ.स. २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ड्रीम११ च्या रचनेत प्रत्येक स्पर्धक १०० गुणांकांच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडतो आणि एकच खेळाडू कितीही जणांच्या संघात असू शकतो. तेथे टंचाई नसल्यामुळे कौशल्य कर्णधार (दुप्पट गुण) व उपकर्णधार (दीडपट गुण) निवडण्यात एकवटते. ऑगस्ट २०२५ मधील केंद्रीय कायद्यानंतर पैसे लावून खेळण्याच्या अशा स्पर्धा बंद झाल्या. मित्रमंडळींत हंगामभर चालणाऱ्या, लिलाव किंवा ड्राफ्ट पद्धतीच्या खासगी लीगमध्ये मात्र एक खेळाडू एकाच संघात असतो, आणि वर सांगितलेला हिशेब तेथे जसाच्या तसा लागू पडतो.

पुढील घडामोडी

इ.स. २०२६ च्या हंगामापूर्वी कोलकात्याने वेंकटेशला मुक्त केले आणि रहाणेला कायम ठेवले. १६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबी येथे झालेल्या लिलावात वेंकटेशला रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने ७ कोटींत घेतले. त्याच दिवशी कोलकात्याने ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन ग्रीनसाठी २५.२० कोटींची बोली लावली.