५०७० टीआय घ्यावं की ९०७० एक्सटी?

दोन्ही ग्राफिक्स कार्डं २०२५ची, दोन्हींत १६ जीबी मेमरी, दोन्ही ३०० वॅटच्या आसपास. मग फरक कुठे?

किंमत: एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय ७४९ डॉलरला जाहीर झालं, एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ला. दुकानातले भाव वेगळेच असतात, म्हणून घ्याल त्या दिवशीचा फरक बघा.

मेमरी: ५०७० टीआयमध्ये जीडीडीआर७, सेकंदाला ८९६ जीबी. ९०७० एक्सटीमध्ये जीडीडीआर६, साधारण ६४० जीबी. पण साध्या गेमिंगमध्ये एवढी तफावत जाणवत नाही, दोन्ही जवळजवळ बरोबरीत चालतात.

रे ट्रेसिंग: सायबरपंक २०७७मध्ये पाथ ट्रेसिंग लावलंत की एनव्हिडिया स्पष्ट पुढे जातं. अपस्केलिंगमध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस ४ जास्त गेम्समध्ये मिळतं. एएमडीच्या एफएसआर ४चं चित्र आधीच्या एफएसआरपेक्षा खूपच स्वच्छ आहे, पण ते चालणारे गेम कमी.

काम: ब्लेंडर किंवा एआय करणार असाल तर एनव्हिडियाच्या कुडा प्लॅटफॉर्ममुळे ५०७० टीआय. इथे फार विचार नको.

जोडणी: ५०७० टीआयला १६ पिनांचा कनेक्टर लागतो. तो पूर्ण आत बसलाय ना, फट दिसत नाही ना, हे टॉर्च मारून बघा. ९०७० एक्सटीच्या बहुतेक मॉडेल्सना जुने ८ पिनवालेच चालतात. पॉवर सप्लाय दोन्हींसाठी ७५० वॅटचा धरा.

माझं मत: फक्त गेमिंग असेल तर ९०७० एक्सटी घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या १४४०पी मॉनिटरला लावा. तुमचा वापर कसा आहे? कमेंटमध्ये सांगा.