जपानला भाषा शिकायला जाताय? आधी हिशेब मांडा, मग बॅग भरा

बारावी झाली की जपान, इंग्रजीची परीक्षा नको, शिकता शिकता कमवा, दोन वर्षांत पक्की नोकरी. अशा आशयाच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर सारख्या येत असतात. रत्नागिरी, रायगडपासून मालेगाव, औरंगाबादपर्यंत अनेक घरांत त्यावर चर्चा होते. मुलगा हुशार आहे, गल्फमध्ये आता पूर्वीसारखं राहिलं नाही, मग जपान का नको?

जपान वाईट नाही. तिथे शिकून चांगल्या नोकरीला लागलेली मुलं आहेत. पण या जाहिराती ज्या वाटेबद्दल बोलतात ती नोकरीची वाट नाही, शिक्षणाची वाट आहे. हा फरक न समजता दागिने मोडले, जमीन गहाण टाकली तर मुलगा तिथे अडकतो आणि घर इथे. म्हणून ही वाट नेमकी कशी आहे, ते वालिदैननी आणि मुलांनी एकत्र बसून समजून घ्यायला हवं.

व्हिसा कुठला, हे आधी बघा

गल्फला जाताना आधी नोकरी ठरते, मग माणूस जातो. जपानच्या भाषा-शाळेत उलट आहे. तिथे आपण फी भरणारे विद्यार्थी असतो आणि व्हिसा 'विद्यार्थी' म्हणून मिळतो. भाषा-शाळेत जास्तीत जास्त दोन वर्षं शिकता येतं. प्रवेश वर्षातून चार वेळा होतात: एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी. एप्रिलला गेलेल्याला पूर्ण दोन वर्षं मिळतात, ऑक्टोबरला गेलेल्याला दीड वर्ष. प्रत्येक शाळा चारही प्रवेश घेते असं नाही.

अर्ज साधारण सहा महिने आधी सुरू होतो. बारा वर्षांचं शालेय शिक्षण, जपानी शिकल्याचा पुरावा (बहुतेक शाळा 150 तासांचा अभ्यास किंवा सर्वात खालची एन-5 पातळी मागतात) आणि खर्च कोण करणार त्याच्या उत्पन्नाचे व बँकेचे कागद लागतात. शाळा हे सगळं जपानच्या इमिग्रेशन खात्याकडे पाठवते. तिथून पात्रतेचं प्रमाणपत्र येतं, त्याला सगळे 'सीओई' म्हणतात. ते हातात आल्यावर भारतातल्या जपानी दूतावासाकडून किंवा वकिलातीकडून व्हिसा मिळतो. सीओई मिळाल्यापासून तीन महिन्यांत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं.

आणखी एक गोष्ट. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला 1983 च्या एमिग्रेशन कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते. विद्यार्थी पाठवणाऱ्याला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे गल्फच्या एजंटाचं लायसन्स जसं आपण तपासतो, तसं तपासायला इथे काही नसतं. त्यामुळे एजंटाला नव्हे, शाळेला तपासायचं.

ती सोय आता झाली आहे. 1 एप्रिल 2024 पासून जपानमध्ये भाषा-शाळांना मान्यता देण्याचा नवा कायदा लागू झाला. मान्यता तिथलं शिक्षण मंत्रालय देतं आणि मान्य शाळांची यादी इंटरनेटवर उघड ठेवतं. जुन्या शाळांना मार्च 2029 पर्यंत मुदत आहे. शाळेला थेट ईमेल करून विचारा: नवी मान्यता मिळाली का, नसेल तर अर्ज केला का?

'शिकता शिकता कमवा'चा खरा हिशेब

विद्यार्थ्याला वेगळी परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. ही परवानगी विमानतळावर उतरतानाच मागता येते. शाळेच्या लांब सुट्टीत दिवसाला 8 तासांपर्यंत चालतं. दोन ठिकाणी काम केलं तरी मर्यादा 28 तासांचीच, दोन्ही मिळून. बार, नाइट क्लब, पाचिंको नावाचे जुगारासारखे खेळ जिथे चालतात ती ठिकाणं इथे काम करायला बंदी आहे. तिथे भांडी घासायचं काम असलं तरी चालत नाही.

आता आकडे. भाषा-शाळेची पहिल्या वर्षाची फी साधारण 7 ते 9 लाख येन असते. 100 येनचे 55 ते 60 रुपये धरले तर 8 लाख येन म्हणजे साडेचार लाख रुपयांच्या आसपास. टोकियोत किमान वेतन ऑक्टोबर 2025 पासून तासाला 1,226 येन आहे. आठवड्याला 28 तास म्हणजे महिन्याला सुमारे 121 तास, म्हणजे जवळपास 1 लाख 48 हजार येन. खोली दोघा-तिघांत वाटून घेतली तरी भाडं, जेवण, लोकल, फोन, विमा मिळून महिन्याला 1 लाख ते 1 लाख 20 हजार येन सहज जातात. उरतात 28 ते 48 हजार. आणि फीच महिन्याला 67 हजारांच्या घरात पडते.

म्हणजे पूर्ण 28 तास काम मिळालं, एकही दिवस आजारी पडला नाही, तरी मुलगा आपला राहण्याचा खर्च भागवेल, पूर्ण फी नाही. घरी पैसे पाठवणं किंवा इथल्या कर्जाचा हप्ता भरणं तर दूरच. शिवाय भाषा येत नसलेल्याला पहिले दोन-तीन महिने कामच मिळत नाही. छोट्या शहरात भाडं कमी, पण मजुरीचा दरही कमी.

हा हिशेब जुळत नाही तेव्हा मुलं 28 तासांच्या वर काम करू लागतात. रात्रपाळी करून सकाळी वर्गात झोपतात, मग वर्गात जाणंच सोडतात. व्हिसा वाढवताना हजेरी बघितली जाते. ती 80 टक्क्यांच्या खाली गेली की शाळाही सावध होते. तासांची मर्यादा मोडल्याचं उघड झालं तर व्हिसा वाढत नाही, देश सोडावा लागू शकतो. 2019 मध्ये टोकियोतल्या एका खासगी विद्यापीठाचे तीन वर्षांत 1,600 हून जास्त परदेशी विद्यार्थी बेपत्ता झाल्याचं उघड झालं होतं. घरातून कर्ज काढून आलेला मुलगा रिकाम्या हाताने परत कसा जाणार, हा प्रश्न अशा अनेक गोष्टींच्या मुळाशी असतो.

म्हणून किमान पहिल्या वर्षाची पूर्ण फी आणि सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय निघू नये.

दोन वर्षांनंतर काय?

एजंट हे सहसा सांगत नाही. फक्त भाषा-शाळा संपवून जपानमध्ये ऑफिसच्या नोकरीचा नेहमीचा व्हिसा मिळत नाही. त्यासाठी पदवी लागते, भारतातली चालते, किंवा जपानमधल्या व्यावसायिक कॉलेजचा डिप्लोमा लागतो. ही कॉलेजं बहुधा दोन वर्षांची असतात.

म्हणजे बारावीनंतर गेलेल्या मुलासाठी दोन वर्षं भाषा आणि नंतर दोन ते चार वर्षं कॉलेज, दोन्हीची फी. बी.एस्सी., बी.कॉम. किंवा इंजिनिअरिंग करून गेलेल्यासाठी भाषा-शाळेनंतर थेट नोकरी शोधायची वाट उघडी असते. आधी इथे पदवी पूर्ण करणं म्हणूनच बहुतेक घरांना स्वस्त पडतं.

भाषेच्या परीक्षेला जेएलपीटी म्हणतात. एन-5 सर्वात सोपी, एन-1 सर्वात कठीण. ऑफिसच्या नोकरीला आणि व्यावसायिक कॉलेजला साधारण एन-2 मागतात. शून्यापासून सुरू केलेल्याला दोन वर्षांत एन-2 गाठायला रोज मेहनत करावी लागते, आणि ती काम सांभाळून.

उद्देश कमाईचाच असेल तर वेगळी वाट आहे. 2019 मध्ये जपानने 'विशेष कौशल्य' नावाचा कामगार-व्हिसा सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी 2021 मध्ये झाला. वृद्धांची देखभाल, शेती, हॉटेल, बांधकाम अशा क्षेत्रांसाठी तो आहे. त्याला एन-4 च्या आसपासची भाषा आणि कामाची परीक्षा लागते. तिथे आपण फी भरणारे विद्यार्थी नसतो, पगारदार असतो. कमवायला जाणाऱ्या मुलाला विद्यार्थी म्हणून पाठवणं म्हणजे त्याच्यावर दोन ओझी टाकणं.

अर्धं काम इथेच होतं

जपानी आपल्याला वाटते तितकी परकी नाही. 'मी भात खातो' हे जपानीत 'वाताशी वा गोहान ओ ताबेमास'. क्रम तोच: मी, भात, खातो. मराठीत 'ला', 'ने', 'त' जसे शब्दाला मागून लागतात, तसेच जपानीतही लागतात. त्यांची अक्षरमालासुद्धा आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना अशी चालते, कारण हा क्रम बौद्ध अभ्यासकांच्या मार्फत भारतीय वर्णमालेवरूनच तिकडे गेला. इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा मराठी-उर्दू बोलणाऱ्या मुलाला वाक्य लवकर बसतं.

कठीण आहे ते लिखाण. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची 46-46 मूळ अक्षरं महिन्याभरात येतात. पण रोजच्या वापराची म्हणून सरकारने ठरवलेली चित्राक्षरं, म्हणजे कांजी, 2,136 आहेत. वर्गात चिनी मुलं असतात, त्यांना ही अक्षरं लहानपणापासून ओळखीची. शून्यावर गेलेला आपला मुलगा पहिल्याच महिन्यात मागे पडतो.

म्हणून निदान एन-4 इथेच करा. पुणे हे भारतातलं जपानी शिकण्याचं मोठं केंद्र आहे. विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवतात. जेएलपीटीची केंद्रं पुण्यात आणि मुंबईत आहेत, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पण या परीक्षेत बोलणं तपासत नाहीत, म्हणून बोलायचा सराव वेगळा करा. इथे एन-4 झालं तर तिथे वर्ष वाचतं, काम लवकर आणि बरं मिळतं. आणि मुलाला ही भाषा खरंच आवडते का, ते लाखो रुपये घालवण्याआधी कळतं.

नमाज, हलाल आणि कामाची जागा

जपानमध्ये मशिदी आहेत. कोबेची मशीद 1935 ची, देशातली पहिली. ती भारतीय आणि तातार मुस्लिम व्यापाऱ्यांच्या वर्गणीतून उभी राहिली. टोकियोची मोठी मशीद पहिल्यांदा 1938 मध्ये बांधली गेली आणि 2000 मध्ये नव्याने उभारली. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात हलाल दुकानांची गल्लीच आहे. 'ग्योमु सुपर' या स्वस्त दुकानांत हलाल शिक्क्याचं गोठवलेलं चिकन मिळतं. तरी पॅकेटवरचं वाचता यायला हवं: 'बुता' म्हणजे डुक्कर, 'राडो' म्हणजे त्याची चरबी, 'मिरिन' आणि 'साके' म्हणजे दारू. ही चार नावं जपानी लिपीत ओळखायला निघण्याआधीच शिका.

शाळा अर्धा दिवस असते, सकाळी किंवा दुपारी. सकाळची पाळी मिळाली तर जुम्याला मशिदीत पोहोचणं सोपं जातं. डिसेंबरमध्ये टोकियोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे दुपारच्या पाळीत असर आणि मगरिब दोन्ही शाळेच्या वेळेत येतात. प्रवेश घेतानाच पाळीबद्दल विचारा. ईदला सुट्टी नसते. शिक्षकांना आधी सांगा, पण ती गैरहजेरी धरली जाईल का, तेही विचारून ठेवा.

खरी अडचण कामाच्या जागेची. नवख्या विद्यार्थ्याला सहज मिळणारी कामं म्हणजे छोटी दुकानं, हॉटेलं आणि डबे भरण्याचे कारखाने. दुकानात दारू विकली जाते, हॉटेलात वाढली जाते, डब्यात डुकराचं मांस असतं. गोदामात पार्सल लावणं, साफसफाई, भारतीय किंवा हलाल हॉटेल असे पर्याय असतात, पण ते शोधायला वेळ लागतो आणि बरी भाषा लागते. आपल्या मुलांनी पहिल्या महिन्यांचा खर्च जास्त धरावा तो यासाठी. मुलीने हिजाबचं मुलाखतीतच विचारावं. काही मालक हो म्हणतात, काही नाही.

पैसे देण्याआधी

शाळेकडे अर्जाचं छोटं शुल्क आधी जातं, ते परत मिळत नाही. पण वर्षाची फी बहुतेक शाळा सीओई आल्यावरच मागतात. ती थेट शाळेच्या बँक खात्यात भरा, एजंटाच्या हातात रोख देऊ नका. सीओई नाकारला किंवा व्हिसा मिळाला नाही तर किती परत मिळेल, हे शाळेकडून लेखी घ्या. खोटा बँक बॅलन्स किंवा खोटं प्रमाणपत्र दाखवू नका. पकडलं गेलं तर पुढचे अर्जही अडतात.

शिष्यवृत्तीच्या नावाने कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जपान सरकारची 'मेक्स्ट' शिष्यवृत्ती फी माफ करते, विमानाचं तिकीट आणि महिन्याचा भत्ता देते. तिचा अर्ज दूतावासाकडे करता येतो, त्याला दलाल लागत नाही. केंद्राची अल्पसंख्याकांसाठीची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद आहे, आणि ती चालू होती तेव्हाही पदव्युत्तर शिक्षण आणि त्यापुढेच लागू होती. तिच्या भरवशावर कुणी भाषा-शाळेत पाठवत असेल तर तो खोटं सांगतोय.

पोहोचल्यावर दोन कामं लगेच. राहत्या पत्त्याची नोंद 14 दिवसांत तिथल्या नगरपालिकेत करायची आणि राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. हा विमा सक्तीचा आहे, आणि त्यामुळे दवाखान्याच्या खर्चाचा फक्त 30 टक्के भाग आपल्याला द्यावा लागतो.

आता एक कागद घ्या. एका बाजूला फी, राहणं आणि पहिले सहा महिने लिहा. दुसऱ्या बाजूला घरात खरोखर असलेला पैसा लिहा, मिळणार असलेला नाही. खाली लिहा, मुलगा शिकायला जातोय की कमवायला. उत्तर 'शिकायला' असेल आणि दोन्ही बाजू जुळत असतील तर बिस्मिल्लाह करा. नसतील जुळत, तर एक वर्ष थांबून पुण्यात किंवा मुंबईत एन-4 करा. वर्षभरानंतरही भाषा-शाळा प्रवेश देतच असतात.